बांबू प्यालेला असतो तो दिवस

पाचव्या चांद्रमासाची तेरावी.
आमच्या खोऱ्यात म्हणतात, आज बांबू प्यालेला असतो,
उपटून दुसरीकडे नेला तरी त्याला पत्ता लागत नाही.
मी सव्वीस वर्षं खणतोय. पत्ता लागतो.
दुसऱ्या सकाळी पानं सुरळी करून बसतात,
रुसलेल्या पोरासारखी.
पण आज मजुरी दीडपट, तेव्हा मी गप्प.

फान काकूंनी बोलावलं तेव्हा मला वाटलं
पुन्हा कोंब मारायचे असतील.
अकरा वर्षं मी त्यासाठीच तर जायचो:
शेजारच्या थोंगचा बांबू भिंतीखालून येई,
चुलीमागची फरशी उचले,
एकदा तर तांदळाच्या रांजणाशेजारी
टोपी घातल्यासारखा कोंब, पहाटे, निवांत उभा.
काकू उकळतं पाणी ओतायच्या. मीठ ओतायच्या.
भिंतीवरून थोंगच्या सात पिढ्या काढायच्या.
थोंग ऐकून घ्यायचा, आणि चैत्रात-वैशाखात
सोललेले कोंब टोपलीत, पायरीवर, न बोलता.
ते त्या खारवलेल्या डुकराच्या मांसात शिजवायच्या.
वास माझ्या घरापर्यंत यायचा.

आता थोंग हांगचौला लेकीकडे, नवव्या मजल्यावर.
डोंगरउतारावरची त्याची बांबूची राई गेस्टहाऊसवाल्यांनी घेतली.
सोमवारी तिथे गाड्या उभ्या करायला सिमेंट पडणार.

"एक आण," काकू म्हणाल्या. "चांगला बघून."

चांगला म्हणजे दोन वर्षांचा,
मनगटाएवढा, खालपासून फांद्या असलेला.
म्हातारा नको, त्याचं मूळ थकलेलं असतं.
सगळ्यात खालची फांदी ज्या रेषेत
साधारण त्याच रेषेत जमिनीखाली मूळ धावतं.
त्याला दोन टोकं: एक आलेलं, एक जाणारं.
आलेलं वीतभर ठेवून तोडायचं,
जाणारं हातभर; डोळे तिकडे असतात.
आणि बुंधा हलवायचा नाही, अजिबात नाही.
बुंधा आणि मूळ जिथे जुळतात
तो सांधा करंगळीएवढा,
तो आत मोडला तर वरून कळत नाही.
पानं महिनाभर हिरवी राहतात. माणसं पाणी घालत राहतात.

शेंडा छाटला, पाच फांद्या राखल्या.
मातीसकट गवताच्या दोरीने बांधला,
आणि खांद्यावरून नाही, कुशीत धरून खाली आणला.
वाटेत दोघं हसले. हसू देत.

काकूंच्या परसात खड्डा तयार होता.
त्यांनीच खणलेला, रात्री, बहुतेक कंदिलावर;
कडा वेड्यावाकड्या, पण खोली बरोबर.
खोल खणावं, उथळ लावावं.
मूळ आडवं बसलं पाहिजे,
मग बुंधा जरा कलला तरी कलू द्यावा.

मी विचारलं, "जाणारं टोक कुठे करू?
विहिरीकडे माती मऊ आहे."

त्या कुंपणाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या,
"त्याच्या भिंतीकडे."

मी थांबलो. "काकू, तीन वर्षांत
हा त्याच्या स्वयंपाकघरात उगवेल."

"घर बंद आहे," त्या म्हणाल्या.
"कोणी ओरडायला नाही."

राग होता की काय होतं, मला कळलं नाही.
मला मुळांचं कळतं.
मी टोक वळवलं, माती थरांनी दाबली,
तीन काठ्यांचा आधार दिला, पाणी सोडलं.
काकू आतून तांदळाच्या दारूचा वाडगा घेऊन आल्या.
अर्धी बुंध्याशी ओतली,
"पिऊ दे. आजचा दिवस शुद्धीवर नको."
उरलेली माझ्यासाठी असेल म्हणून मी हात पुसले.

त्यांनी ती स्वतःच संपवली, उभ्याउभ्या,
आणि पैसे मोजताना दोनदा चुकल्या.
एकदा माझ्या बाजूने.